दोष देण्याआधी तपासणी करा

आपल्या वस्तीत एखाद्या बाईचे वजन वाढले की तिला दोनच गोष्टी ऐकाव्या लागतात. ‘खाणे कमी कर’ आणि ‘जरा हातपाय हलव’. घरचे सांगतात, शेजारचे सांगतात, दवाखान्यातही तेच सांगतात. हा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. पण तपासणी न करताच तो देऊन बाईला वाटेला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सातपाटीच्या आमच्या एका भगिनीची गोष्ट सांगतो. वय चौतीस. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे काम. पहाटे उठून डबे करायचे, सातपाटीहून पालघर, पालघरहून गाडीने बोईसर आणि मग दिवसभर उभ्याने काम. दोन वर्षांत तिचे वजन आठ-नऊ किलोने वाढले. तिने भात बंद केला, रात्रीचे जेवण सोडले, उसने पैसे घेऊन वजन उतरवायच्या पावडरचा डबा आणला. काटा काही मागे येईना. केस गळत होते, पोट साफ होत नव्हते, पाळीत अंगावरून फार जात होते, भर मे महिन्यात तिला पंखा नको वाटायचा. सकाळी चेहरा सुजलेला असायचा. कामावर खाडे होऊ लागले. घरात ‘आळशी झाली’ असे बोलणे सुरू झाले आणि कोणीतरी भगताकडे न्यायचेही सुचवले.

या काळात ती आमच्याकडे आली होती. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केलेला, वॉर्डात वर्षे काढलेली. आम्ही तिचा रक्तदाब मोजला, वजन केले आणि ‘भात कमी कर’ म्हणून परत पाठवले. ती भात आधीच सोडून बसली होती, हे आम्ही विचारलेही नाही. पाळीबद्दल विचारले नाही. आठ महिन्यांनी आवाज घोगरा झाला म्हणून ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी लिहून दिली. हा आकडा साधारण चार-पाचच्या आत असावा लागतो. तिचा साठच्या वर होता. तिचे ते आठ महिने वाया गेले त्यात आमचाही वाटा आहे. म्हणून हे लिहितो आहोत.

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यातून निघणारे हार्मोन शरीराच्या कामाचा वेग ठरवते. ते कमी पडले की सगळेच मंदावते. हृदयाचे ठोके, आतड्याची हालचाल, अंगाची ऊब, मनाचा उत्साह, सगळे. अंगात मीठ-पाणी साठते आणि वजन वाढते. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

‘आम्ही समुद्रकाठचे, मासे खाणारे, आम्हाला थायरॉइड कसा होईल?’ असे सातपाटीत हमखास विचारतात. आपल्या देशातील आठ शहरांचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली. समुद्रकाठच्या मुंबई, गोवा, चेन्नईत हे प्रमाण थोडे कमी, पण तरीही ९.५ टक्के होते. कारण आयोडिन पुरेसे मिळूनही शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्तीच या ग्रंथीवर उलटू शकते. आयोडिनची काळजी मात्र घ्यायचीच. मासे खारवायचे जाडे मीठ वेगळे ठेवा, कालवणात आयोडिनयुक्त मीठच घाला.

दुसरा आजार पीसीओएस. हा तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो. पाळी पस्तीस दिवसांहून जास्त लांबते, वर्षात आठ वेळाही येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, मुरुमे जात नाहीत, पोटाचा घेर वाढतो. ‘लग्न झाले की आपोआप सुरळीत होईल’ म्हणून मुलीला थांबवून ठेवू नका. पुढे मधुमेहाचा धोका असतो. या आजारात वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरले तरी पाळी सुधारू शकते, पण त्यासाठी आधी आजार कळला पाहिजे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक वाढलेले वजन थायरॉइडचे नसते. थायरॉइडमुळे वाढते ते बहुधा थोडेच किलो. आमच्या त्या भगिनीचे गोळी सुरू झाल्यावर चार किलो उतरले आणि तिथेच थांबले. उरलेल्यासाठी आता ती चालते, खाण्याकडे लक्ष देते. फरक एवढाच की आता तिच्या कष्टाला फळ येते. म्हणूनच थायरॉइडची गोळी वजन उतरवायची गोळी म्हणून कोणी कोणाची मागून खाऊ नये. गरज नसताना घेतली तर हृदयाला धोका होतो.

ज्यांना डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्यांनी ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा नको. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चार तासांनी. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नका. दिवस गेले तर लगेच डॉक्टरांना सांगा, कारण तेव्हा बहुधा मात्रा वाढवावी लागते आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीचा तो प्रश्न असतो.

कोसलचा राजा प्रसेनजित अतिशय खायचा, धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला मात्रेने जेवायला सांगितले आणि तो सडपातळ झाला, अशी कथा आहे. राजाच्या दुखण्याचे कारण त्याच्या ताटात होते, म्हणून उपायही ताटातला. आमची भगिनी अर्ध्या भाकरीवर होती. तिला तोच उपदेश करून काय होणार? जसे कारण तसा उपाय. कालामांनाही तथागतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, तपासून घ्या.

बाबासाहेबांना मधुमेह होता. तोही इन्सुलिन या हार्मोनचाच आजार. बाबासाहेबांच्या अंगी शिस्त कमी होती असे म्हणायची कोणाची छाती आहे? मग आपल्या लेकीसुनांना आळशी कसे म्हणता? १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतीच्या लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला आणि हा भार मुख्यतः सरकारने उचलावा असे मांडले. कामकरी बाईची प्रकृती हा तिचा एकटीचा खाजगी प्रश्न नाही, हेच त्यामागचे तत्त्व.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालघरच्या ग्रामीण रुग्णालयात जाल तेव्हा नुसते ‘वजन वाढले’ म्हणू नका. पाळीच्या तारखा कागदावर लिहून न्या, त्रास एकेक करून सांगा आणि ‘टीएसएच करायची का?’ असे नाव घेऊन विचारा. या तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही, त्यामुळे कामाचा दिवस मोडायची भीती कमी.

महिला मंडळांना आमची विनंती आहे. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, बायका आवर्जून येतात. त्यातला एक दिवस वाचनानंतर तासभर या विषयाला द्या. वजनकाटा ठेवा, रक्तदाब मोजा, पाळीबद्दल उघड बोला आणि ज्यांना गरज आहे त्यांना चार-पाच जणींनी मिळून दवाखान्यात न्या. एकटीला परत पाठवणे सोपे असते, पाच जणींना पाठवता येत नाही.

जयभीम.