विसार घेतला, माल कुठे?

गिऱ्हाईकाकडून विसार घेऊन माल तयार करणे हा आपल्या बाजारातला जुना रिवाज आहे. सुतार घेतो, शिंपी घेतो, विणकरही घेतो. पण भागीदारांत भांडण लागले तर या पैशाचे काय, याचा विचार पैसे हाती येण्यापूर्वी फार थोडे करतात. म्हणूनच इंग्लंडमधील एका धंद्याची हकिकत आम्ही व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

१९८२ साली सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा स्वस्त घरगुती संगणक काढला. त्यावर खेळ खेळत तिथली एक पिढी मोठी झाली. या आठवणींच्या भांडवलावर पुढे ‘रेट्रो कॉम्प्युटर्स’ ही कंपनी निघाली. सिंक्लेअर यांची कंपनीही तिची भागधारक होती. २०१५ साली तिने टीव्हीला जोडायचे ‘वेगा’ हे यंत्र लोकांना दिले, त्यामुळे पत वाढली. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिने हातात धरून खेळायच्या ‘वेगा प्लस’साठी इंडिगोगो या संकेतस्थळावर लोकांकडे आगाऊ पैसे मागितले. मागणी एक लाख पौंडांची होती, जमले पाच लाखांहून अधिक. एक हजार खेळांसह माल त्याच वर्षी हाती पडेल, असा वायदा होता.

पैसे जमले आणि भागीदारी फुटली. त्याच वर्षी दोन संचालकांनी राजीनामे दिले. पहिला वेगा घडवणारा तंत्रज्ञही दूर झाला आणि प्रकरण कोर्टकचेरीत गेले. वायद्यांच्या तारखा उलटत राहिल्या. २०१७ साली इंडिगोगोने नवे पैसे घेणे थांबवले. २०१८ च्या उन्हाळ्यात मोजक्या गिऱ्हाइकांना यंत्रे मिळाली, तीही सदोष असल्याच्या तक्रारी आल्या. शिवाय स्पेक्ट्रमचे नाव कंपनीच्या मालकीचे नव्हतेच. ते १९८६ साली अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतले होते आणि पुढे स्काय कंपनीकडे गेले होते. स्कायने नाव वापरण्याचा परवाना काढून घेतला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कंपनी गुंडाळली गेली. बहुतेक गिऱ्हाइकांच्या हाती यंत्र पडलेच नाही.

काही जण म्हणतात, असे संकेतस्थळ म्हणजे दुकान नव्हे, पैसे देणाऱ्याने जोखीम ओळखूनच द्यावेत. आम्हांला हे अर्धेच पटते. यंत्र बनवताना अडचण आली, सुटा भाग मिळाला नाही, ही जोखीम गिऱ्हाईक समजू शकते. पण भागीदारांच्या भांडणाची किंमत त्याने का मोजावी? ते भांडण त्याने लावलेले नाही. विसार ही गिऱ्हाइकाची अमानत आहे. माल हाती पडेपर्यंत ती आपली कमाई होत नाही.

म्हणून विसार घेण्यापूर्वी भागीदारीचा कागद पक्का करा. कोण निघून गेल्यास काम कोण पुरे करील, हे त्यात लिहा. दुसऱ्याच्या नावावर माल विकत असाल तर परवान्याची मुदत पाहा. विसाराचा हिशेब घरखर्चापासून वेगळा ठेवा. आणि तारीख चुकणार असे दिसताच गिऱ्हाइकाला स्वतः जाऊन सांगा, हवे असल्यास पैसे परत करा. उशीर झाला तर गिऱ्हाईक एकवेळ माफ करते. टाळाटाळ केली तर ते पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढत नाही.