नमुना कोणाच्या ताब्यात होता?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खालचा खटला अनेक वकिलांना किरकोळ वाटतो. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, पक्षकार मोकळा. पण अपघातात माणूस दगावला की हाच आकडा सदोष मनुष्यवधाच्या खटल्याचा कणा होतो.

वांद्र्याच्या कार्टर रोडवर 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली. सात जण ठार झाले. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट अल्कोहोल निघाले. सत्र न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खाली सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने 304 भाग दोन लावून तीन वर्षे केली. 2012 मध्ये ती शिक्षा कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने ती फारच कमी असल्याचेही म्हटले.

याउलट 1971 च्या बच्चूभाई करियाणी खटल्यात तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या हे सारे डॉक्टरांनी सांगितले होते. रक्ताची किंवा लघवीची तपासणी मात्र झालेली नव्हती. तेवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही, असा निकाल लागला.

म्हणून सगळी भिस्त नमुन्यावर. राज्याचे 1959 चे दारूबंदीविषयक रक्तचाचणी नियम त्यासाठी आहेत, आणि ते बारकाईने लिहिलेले आहेत: सिरिंज निर्जंतुक हवी, कातडी स्पिरिटने पुसायची नाही, कुपीत रक्त टिकवणारे रसायन हवे, कुपीला सील हवे, सोबत फॉर्म बी हवा. उलटतपासात बचावपक्ष याच एकेका पायरीवर बोट ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

19 मे 2024 च्या पुण्यातील कल्याणीनगर अपघातात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांवर झाला. त्याचा निवाडा न्यायालय करील. सरकारी वकिलांनी मात्र तोवर थांबण्याचे कारण नाही. दोषारोपपत्र दाखल होण्याआधी त्यांनी रक्त घेतल्याची वेळ, सीलचा ठसा, मुद्देमाल नोंदवहीतली नोंद आणि प्रयोगशाळेची पोच एकत्र ठेवून ताडून पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला सोडावे लागते. बचावाच्या वकिलाने पहिल्याच दिवशी हीच वेळ तपासावी.