सामू तपासा, पण कुणाचा?

शिरूर-दौंडच्या पाटपाण्याच्या गावांत 'सामू' हा शब्द नवा नाही. ऊस घेऊन घेऊन जमीन चोपण झाली, की माती तपासतात. सामू साडेआठच्या वर निघाला, तर जिप्सम टाकायला सांगतात. हाच सामू आता 'पीएच' या नावाने बाटलीवर छापून बायकांना विकला जातोय. 'पीएच संतुलित' फेसवॉश, 'पीएच संतुलित' शाम्पू आणि त्याही पुढे जाऊन योनीमार्गासाठी खास 'इंटिमेट वॉश'. मातीचा सामू निदान तपासून सांगतात. बाईचा मात्र न तपासताच बिघडलेला!

मैत्रिणींनो, या शब्दामागे काय आहे ते नीट समजून घेऊ. पीएच ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. आपली त्वचा किंचित आम्ल, साधारण ५ च्या आसपास. साबण तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून बनतो, त्याचा पीएच ९ ते १०. त्याने त्वचा कोरडी पडते, हे खरं. म्हणून कंपन्या साबणाऐवजी दुसरा फेसाळ पदार्थ घेतात आणि त्यात सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्ल घालून पीएच खाली आणतात. सायट्रिक आम्ल म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. माझं भांडण त्या चिमूटभर लिंबूसत्त्वाशी नाही. त्याच्या आडून आपल्या मनात घातल्या जाणाऱ्या भीतीशी आहे.

योनीचा पीएच बहुतेक वेळा ३.८ ते ४.५ असतो. तिथले उपयोगी जंतू स्वतःच लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचं दही करणाऱ्या जंतूंचेच ते भाऊबंद. आतून धुण्याची गरजच नाही. धुतल्याने उलट हे जंतू कमी होतात. बाहेरून साधं पाणी पुरतं. तरी २०१२ साली तो भाग 'गोरा' करणाऱ्या वॉशची जाहिरात आपल्याकडे टीव्हीवर झळकली. आधी चेहऱ्याचा रंग चुकीचा, मग तिथला रंग चुकीचा, आता तिथला सामू चुकीचा!

यात पैसे जातात, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. गटाच्या बैठकीत बायका दबक्या आवाजात सांगतात, "अंगावरून पांढरं जातं." त्यातलं बरंचसं नैसर्गिक असतं. पण खाज, घाण वास, दह्यासारखं किंवा हिरवट-पिवळं जाणं ही संसर्गाची लक्षणं. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणं ही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची खूण असू शकते. यावरचा इलाज बाटलीत नाही. सुगंधी वॉश वास झाकतो आणि दवाखान्यात जायला उशीर होतो.

सामू तपासायचाच ना? मग कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याचा तपासा. नियमाप्रमाणे तो ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा. ते अहवाल ग्रामसभेत मागा. धुण्याच्या सोड्याचा पीएच ११ च्या घरात जातो. त्यात रोज हात घालणाऱ्या मोलकरणीला हातमोजे मागा. रांजणगावच्या पाळीत बाईला लघवीला सुट्टी आणि फडाशेजारच्या कोपीत आंघोळीला पाणी नि आडोसा मागा.

स्वच्छतेला पाणी लागतं, आडोसा लागतो, वेळ लागतो. ते न देता आपल्या हातात बाटली ठेवणाऱ्या बाजाराला ठणकावून सांगू या : बिघाड आमच्या अंगात नाही.