शिंगं रंगवता, मग पुठ्ठा का नाही?

पोळ्याच्या सकाळी बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावताना कुणी आधी पेन्सिलीनं आराखडा काढतं का? बेगड कुठं चिकटवायचं, कोणता गोंडा कुठं शोभेल, हे हात आणि डोळा आपसात ठरवतात. शोभलं नाही तर काढतात, दुसरं लावतात. रंग, कागद, सूत, कापड एकत्र आणून केलेल्या अशाच कामाला चित्रकार ‘मिश्र माध्यम’ म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या माणसांना माझी विनंती आहे : महिन्यातला एखादा रविवार हेच पुठ्ठ्यावर करून बघा.

‘मला चित्र येत नाही,’ असं म्हणू नका. तुम्हाला हुबेहूब घोडा काढता येत नसेल. अमूर्त चित्राला घोडा लागतच नाही. 1924 साली नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे रोलरनं रंग पसरवत, पॅलेट नाइफनं खरवडत, फाटक्या कागदाच्या तुकड्यांनी रंगाचे ठसे उमटवत. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. पण वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं पुरी होत. मनाला येईल ते फासायला पाच मिनिटं पुरतात. वेळ लागतो तो थांबून बघायला.

सामान घरातच आहे. जाड पुठ्ठा घ्या, पातळ फेविकॉलचा हात दोन्ही बाजूंनी द्या, म्हणजे तो वाकणार नाही. बारदानाचा तुकडा, सुतळी, जुन्या लुगड्याचा काठ, वेचणीत उरलेला कापूस, चुलीतला कोळसा, गेरू. गेरूत थोडा गोंद घाला, नाहीतर झडेल. हळदीचा आणि पळसफुलांचा रंग सुंदर दिसतो, पण उन्हात उडतो. ऑइल पेंटवर ॲक्रिलिक लावू नका, पापुद्रे निघतात, उलट चालतं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. फवारणीच्या औषधांचे डबे, पिशव्या, औषध लावलेल्या बियाण्याची पाकिटं कितीही रंगीत दिसली तरी घरात आणू नका. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यातली माणसं गेली, हे विसरण्यासारखं नाही.

आता बसा. काय काढायचं ते ठरवू नका; हाताला आवडलेली एक वस्तू आधी चिकटवा. ती वाळेस्तोवर तिच्याकडे बघा. तिच्या शेजारी काय हवं ते हळूहळू कळू लागतं. अडलात तर पुठ्ठा उलटा धरा, भिंतीला टेकवून झोपा, सकाळच्या उजेडात परत बघा. आणखी एक गोंडा लावला तर बैल ओझ्याचा दिसेल, हे जसं कळतं, तसं कुठं थांबायचं तेही कळतं.

तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवणाऱ्या पोराला ‘याचा अर्थ काय?’ असं आपण विचारत नाही. पहिल्या रविवारी तेवढी सवलत स्वतःलाही द्या.