कनेक्टिकटच्या मुलींना हरवणार कोण?

शेजारची मुलगी कॉलेजात जाते, बास्केटबॉल खेळते आणि अधूनमधून आमची परीक्षा घ्यावयास येते. परवा तिने विचारले, "काका, कनेक्टिकटच्या मुलींना हरवणार तरी कोण?"

प्रश्न अमेरिकेतला, पण बिनतोड. कनेक्टिकट विद्यापीठ स्टॉर्स नावाच्या लहानशा गावी आहे. 1985 साली इटलीत जन्मलेले जिनो ऑरिएमा तेथे मार्गदर्शक म्हणून आले, तेव्हा या संघाला कोणी भीत नव्हते. त्याआधी पराभवांपेक्षा विजय अधिक असा मोसम त्यांच्या वाट्याला एकदाच आला होता! 1995 साली पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले आणि 2025 साली बारावे. मधल्या काळात सलग 111 सामने जिंकण्याचा पराक्रमही झाला.

अशा वेळी मोठमोठी नावे मोजण्याची रीत आहे. पॅट समिट यांच्या हाताखाली आठ विजेतेपदे मिळवणारे टेनेसी, नोटर डेम, स्टॅनफर्ड, झालेच तर डॉन स्टेली यांचे साउथ कॅरोलिना. यादी खोटी नाही. पण तिच्यातून उत्तर निघत नाही. त्यासाठी कनेक्टिकट हरले ते सामने पाहावे लागतात, आणि ते आहेत तरी किती? 2014 च्या हिवाळ्यापासून 2018 च्या वसंतापर्यंत, चार मोसमांत, अवघे तीन. स्टॅनफर्ड, मिसिसिपी स्टेट आणि नोटर डेम यांनी त्यांना एकेकदा हरवले. गंमत अशी की, तिन्ही सामने बरोबरीत सुटून जादा वेळेत गेले होते.

आम्हांला तरी यात योगायोग दिसत नाही. त्या वर्षांत कनेक्टिकट ज्या गटात खेळत असे, त्यात तोडीचा संघच नव्हता. 2013 ते 2020 या सात मोसमांत गटातला एकही सामना त्यांनी गमावला नाही. विसावीस, तीसतीस गुणांनी जिंकणाऱ्या मुलींना शेवटच्या मिनिटात जीव मुठीत धरून खेळण्याची सवय कोठून लागणार?

मिसिसिपी स्टेटची कथा तर मुळातून ऐकण्याजोगी आहे. 2016 साली कनेक्टिकटने त्यांना 98-38 असे लोळवले होते. साठ गुणांचा पराभव! दुसरा एखादा संघ वर्षभर ते नावही काढता ना. पण पुढच्या वर्षी, 31 मार्च 2017 रोजी, डॅलसला उपान्त्य सामन्यात बहुतेक त्याच मुली पुन्हा समोर उभ्या राहिल्या. कनेक्टिकटच्या तीन मोठ्या खेळाडू शिक्षण संपवून गेल्या होत्या हे खरे. पण तरीही त्या मोसमातले 36 च्या 36 सामने त्यांनी जिंकलेले होते. जादा वेळेत धावफलक 64-64. मॉर्गन विल्यम या पाच फूट पाच इंच उंचीच्या मुलीने उडी मारून चेंडू टाकला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला आणि चेंडू जाळीतून खाली आला. 111 विजयांची साखळी तेथे तुटली.

साउथ कॅरोलिनाची रीत वेगळी. 2022 च्या अंतिम सामन्यात त्यांनी चुरस होऊच दिली नाही. टोपलीवर आदळून परतलेले 49 चेंडू त्यांच्या हाती, कनेक्टिकटच्या हाती 24. मग निकाल 64-49 लागला यात नवल कसले? पण हे हत्यारही दर वेळी चालत नाही. 2025 च्या अंतिम सामन्यात कनेक्टिकटने त्यांनाच 82-59 असे झोडपले. मात्र त्याच विजेत्या मोसमात कनेक्टिकट तीनदा हरले होते. सदर्न कॅलिफोर्नियाने दोन गुणांनी, टेनेसीने चार गुणांनी आणि नोटर डेमने अकरा गुणांनी त्यांना हरवले.

तेव्हा आम्ही तिला सांगितले, "पहिले नाव साउथ कॅरोलिनाचे घे. त्यानंतर ज्या संघाकडे शेवटच्या मिनिटाला हात न कापणारी गार्ड असेल तो."

"आणि त्या विल्यमच्या संघाने मग करंडक नेला?"

खरे सांगणे भाग होते. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात साउथ कॅरोलिनाने त्यांना 67-55 असे हरवले.

तिने क्षणभर विचार केला. "चालेल की, काका," म्हणाली आणि सरावाला निघून गेली.