पऱ्हाटी, काळी माती आणि आपला शहाणा कॅमेरा

मंडळी, दिवाळी आली की अमरावती-अकोल्याकडून कपाशीचे फोटो यायला लागतात. नातेवाईक पाठवतात, आपले ब्लॉगवालेही टाकतात. आणि बहुतेकांत तेच : माती राखाडी आणि फुटलेलं बोंड म्हणजे नुसता पांढरा ठिपका. धागा दिसत नाही, पाकळी दिसत नाही. वर उत्तर तयारच, "आजकालच्या कॅमेऱ्याला सगळं समजते बाप्पा!"

नाही समजत. मोबाईल चेहरा ओळखतो, चार फ्रेम जोडतो, सगळं मान्य. पण मूळ मीटर उजेड मोजतो आणि चित्राची सरासरी मध्यम राखाडीवर आणू पाहतो. आपल्या शेतात फ्रेमभर काळी माती आणि गर्द पऱ्हाटी. मीटरला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो. माती उजळते, कापूस जळतो!

उपाय फुकट आहे. बोंडावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. मोठा कॅमेरा असेल तर बोंडावर स्पॉट मीटरिंग करा, नाहीतर एक्स्पोजर उणे एकपासून कमी करत जा आणि हिस्टोग्राम उजव्या भिंतीला आपटत नाही ना, ते बघा. जिनिंगमधली गंजी फ्रेमभर घेताना मात्र उलट, अधिक करायचं. नाहीतर कापूस मळकट दिसेल.

"नंतर कॉम्प्युटरवर करू" म्हणणाऱ्यांना एकच सांगणं. अंधारातला तपशील थोडाफार वर काढता येतो. पांढरा फटक झालेल्या जागी काही नोंदलेलंच नसतं. रॉमध्ये थोडी सवलत मिळते, तीही थोडीच.

"फोटोचं एवढं काय मनावर घेता?" घ्यायलाच हवं. कापसाची प्रत रंगावरूनही ठरते. पावसात भिजला की तो पिवळसर पडतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भात कहर केला, तेव्हा नुकसान होतं ते किडक्या, डागाळलेल्या बोंडांतच. असं बोंड जास्त उजेडात टिपलं की डाग धुऊन निघतो आणि ज्याचं पीक गेलं त्याचाच फोटो त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. चांगला आणि वाईट कापूस सारखाच दिसणार असेल, तर फोटो काढता कशाला?

असो. या वेचणीला बोंडाचा धागा न् धागा दिसेल असे फोटो पाठवा. माती फार काळी आली, ही तक्रार मात्र ऐकून घेणार नाही. वऱ्हाडची माती काळीच आहे!