संत्र्याने दाद मागावी कोठे?

दिवाळीच्या फराळाशेजारी संत्रे सोलून ठेवणाऱ्या वाचकांनी यंदा एक आंबट प्रश्नही चाखून पाहावा. काटोल, नरखेड, वरुडच्या बगीच्यांतील आंबिया बहाराचे पुष्कळसे फळ आजवर बांगलादेशात जात आले. नागपुरी संत्र्याचे तेच मोठे गिऱ्हाईक. त्या देशाने २०१९ ते २०२३ या चार वर्षांत संत्र्यावरील आयातकर चौपटीहून अधिक केला. मागणी आटली, भाव पडले. मग महाराष्ट्र सरकारने निर्यात-अनुदान जाहीर केले. ठीक आहे, पण अनुदान ही कृपा झाली, न्याय नव्हे!

न्याय मागावा तर कोणाकडे? नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, परंतु त्याचा हुकूम ढाक्याच्या जकात कचेरीत चालत नाही. दक्षिण आशियाचा मुक्त व्यापार करार २००४ साली झाला. त्यात तंट्याची सोय अशी: सरकारांनी आपसांत बोलावे, मग तज्ज्ञ समितीकडे जावे, शेवटी मंत्र्यांच्या परिषदेकडे. म्हणजे कर बसविणारेच पंच! पिकविणाऱ्याला आणि माल आणविणाऱ्याला तेथे उंबराही ओलांडता येत नाही. सार्कची शिखर परिषद तर २०१४ नंतर भरलेलीच नाही. जिनिव्हाकडे पाहावे, तर जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून न्यायाधीशांवाचून ठप्प!

‘देशोदेशींच्या व्यापाराला सामाईक न्यायालय? स्वप्न आहे!’ असे शहाणे म्हणतील. त्यांनी १९६३ सालचा एक निकाल पाहावा. व्हान गेंड एन लूस या डच कंपनीने जर्मनीहून रसायन आणले. जकात तीन टक्क्यांवरून आठ टक्के झाली होती. कंपनीने स्वतःच्याच सरकारविरुद्ध तक्रार केली आणि युरोपीय न्यायालयाने सांगितले, की करारातून नागरिकालाही हक्क मिळतात. कॅरिबियन देश काही श्रीमंत नव्हेत. तरी २००९ साली एका सिमेंट कंपनीच्या फिर्यादीवरून तेथील सामाईक न्यायालयाने गयाना सरकारला, परस्पर उठविलेला ठरावाचा कर पुन्हा लावावयास सांगितले.

खरी अडचण निराळीच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये आपल्याच सरकारने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. नाशिकचा शेतकरी बुडाला, ढाक्याची गृहिणी हैराण झाली. न्यायालय असते तर दिल्लीलाही त्याच्यापुढे जाब द्यावा लागला असता. तेवढ्यासाठीच ते कोणालाच नको! दक्षिण आफ्रिका खंडातील राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने २००८ साली झिंबाब्वेविरुद्ध निकाल दिला. दोनच वर्षांत सरकारांनी मिळून ते न्यायाधिकरणच गप्प बसविले. सार्वभौमत्व हे नाव मोठे खरे, पण त्याआड पुष्कळदा उत्तर न देण्याची सवलतच लपलेली असते.

सरकारे आपणहून ही सवलत सोडणार नाहीत. मते मागावयास येतात तेव्हा काटोलात आणि निफाडात हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. उद्या त्या न्यायालयात संत्रेवाला हरेलही. हरू द्या! पण कागद त्याचा वाचला जावा, कारण त्याला सांगितले जावे. आज तो न ऐकताच हरतो आहे.